हातभर जास्त

साखर कारखान्याच्या नोटीस बोर्डावर उत्तम कामगार म्हणून वैजयंताचा फोटो लागला आणि सिदगोंडाअण्णांच्या पोटात दुखायला लागलं. मळीच्या टाक्यांवर त्या पोरीला तयार केलं कुणी? अण्णांनीच. टाकीच्या माथ्याशी हातभर जागा रिकामी सोडायची, तिला अलेज म्हणतात, उन्हानं फुगलेली मळी तिथं मावते, हेही त्यांनीच शिकवलेलं. आणि साहेब येता-जाता कौतुक करणार तिचं!

त्या सकाळी दोघांच्या टाक्या शेजारीशेजारी भरत होत्या. वैजयंतानं पंप बंद केला तेव्हा तिची टाकी चांगली दोन हात रिकामी होती. "भित्री कुठली!" अण्णा पुटपुटले. आज साहेबांना दाखवायचंच म्हणून त्यांनी आपली टाकी काठोकाठ भरली.

दुपारी ऊन तापलं आणि फेसाळलेली मळी झाकणातून वर येऊ लागली. खाली ओढा होता. मळी ओढ्यात गेली की नोकरीही गेलीच. अण्णा धावत आले, तोवर मळी खाली बसत चालली होती. दोन टाक्यांमधल्या पाइपचा व्हॉल्व्ह वैजयंता दोन्ही हातांनी उघडत होती.

"एवढी जागा कशाला सोडली होतीस?" अण्णांचा आवाज अजून चढलेलाच होता.

तिनं ओढणीनं कपाळ पुसलं. "एक हात मळीसाठी. फोटो लागल्यापासनं माझा चहा घेईनासे झालात तुम्ही, अण्णा, म्हणून एक हात तुमच्यासाठी."