पहिल्या सभेतला परिचय

दारू सुटली तशी परीक्षितनं दिल्ली सोडली आणि गुडगावच्या नव्याकोऱ्या सोसायटीत फ्लॅट घेतला. अर्धे टॉवर अजून रिकामे होते, आणि इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

व्यसनमुक्तीची मीटिंग मात्र त्यानं कधी चुकवली नाही. तिथे उभं राहून आपलं नाव सांगायचं, मग 'मी दारुडा आहे' म्हणायचं, की बाकीचे सगळे एका सुरात, नाव घेऊन नमस्ते करायचे. घरच्यांना आत येऊ देत नसत. त्याची बायको अरुणा बाहेर गाडीत बसून राहायची.

सोसायटीची पहिली सभा झाली, तेव्हा दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन शिकणारा त्यांचा मुलगा अंशुमनही सुट्टीला आला होता. सेक्रेटरी म्हणाले, "चलो जी, सब अपना-अपना परिचय दीजिए."

परीक्षित उभा राहिला. "मेरा नाम परीक्षित है," तो म्हणाला, आणि जिभेला वळणच पडलेलं, पुढचंही निघून गेलं, "मैं शराबी हूँ."

सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले. अरुणानं मान खाली घातली.



तिच्या शेजारी बसलेल्या अंशुमनच्या तोंडून, तितक्याच सवयीनं, निघून गेलं, "नमस्ते, परीक्षित."