भारदस्त शब्द

माझा एक जुना विद्यार्थी कुठल्याशा कंपनीत साहेब झालाय. दुपारी त्याचा फोन आला, आवाज पार घाबराघुबरा.

"बाई, पाच वाजता चाळीस जणांना पत्रं द्यायची आहेत. तुमच्या जागेची आता गरज नाही, हे सांगणारा इंग्रजी शब्द हवाय. पण वाचताक्षणी कुणी भडकता कामा नये. गेल्या खेपेला एकानं माझ्या टेबलाची काच फोडली."

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. चष्मा चढवून जाडजूड शब्दकोश उघडला. 'रिडंडंट' सुचवला, तर म्हणाला, "तो सगळ्यांना कळतो, बाई." 'सरप्लस' मलाच आवडेना, गोदामात उरलेल्या मालासारखा वाटला. साडेचार वाजून गेले. तिकडून त्याचं "सापडला का, बाई?" चालूच, आणि इकडे मी भराभर पानं उलटत होते.

शेवटी सापडला. 'सुपरन्यूमररी'. अर्थ एवढाच, की ठरलेल्या संख्येपेक्षा जास्तीचा. पण ऐकायला कसा भारदस्त.

"वाचवलंत, बाई," तो म्हणाला. "याचा अर्थ कळेपर्यंत सगळे आपापल्या घरी पोचलेले असतील."

खोटं कशाला बोलू, फोन ठेवताना मला जरा अभिमानच वाटला.

सात वाजता लेक ऑफिसातून आली. चपला न काढताच तिनं एक पत्र माझ्यापुढे धरलं. चेहरा नुसता उजळलेला.



"आई, साहेबांनी स्वतः हातात दिलं. हे 'सुपरन्यूमररी' म्हणजे बढतीच ना गं?"