सहाव्यांदा शपथ

"बॅटरी वीस टक्के. न्यायालय बंद होत आहे," स्क्रीनवरचे न्यायाधीश म्हणाले आणि स्क्रीन काळी झाली.

सुगंधाबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तशाच उभ्या राहिल्या. सकाळपासून ही पाचवी वेळ. तालुक्याच्या कोर्टात आता माणूस न्यायाधीश उरला नव्हता. वीज गेली की यंत्र थोडा वेळ बॅटरीवर चालायचं, मग अर्धवट साक्ष पुसून आपोआप बंद व्हायचं. वीज आली की आपोआप सुरू होऊन पहिल्यापासून विचारायचं.

"मावशी, पाणी घ्या," लिपिक देवकाते हळूच म्हणाले.

तेवढ्यात वीज आली. "साक्षीदाराने शपथ घ्यावी."

त्यांनी शपथ घेतली. पुन्हा सांगितलं, "विहिरीच्या काठावर चपला जोडीनं ठेवल्या होत्या. माझी लेक वनिता कधीच जोडीनं काढायची नाही साहेब. एक इकडं, एक तिकडं. तिला ढकलून मागनं कुणीतरी त्या ठेवल्या."

पहिल्या वेळी या वाक्यापाशी त्या कठड्याला धरून खाली बसल्या होत्या. आता डोळ्यांत पाणीसुद्धा येत नव्हतं.

या वेळी वीज टिकली. साक्ष पूर्ण झाली.

"आवाजात कंप नाही. एकही शब्द अडखळला नाही," न्यायाधीश म्हणाले. "साक्ष पढवलेली आहे. ग्राह्य धरता येत नाही."

"अहो, सकाळपासून सहा वेळा सांगतायत त्या!" देवकाते ओरडत उठले.

"निर्णय जतन झाला," न्यायाधीश म्हणाले, आणि मगच वीज गेली.