मिऱ्यांच्या डोक्यांची फौज

पिअर्सने मॅव्हिसचा सेनापती न विचारता दोन बोटांत उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि टेबलावर आडवाच ठेवून दिला. दुसऱ्या हातात त्याचं बेकनचं सँडविच होतं. सेनापतीच्या हिरव्या झग्यावर तुपकट बोट उमटलं.

"कपडे वाळत घालायचा चिमटा आहे की हा," तो हसत म्हणाला.

मॅव्हिसने सेनापतीला उभं केलं. दुसऱ्याच्या शिपायाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे कीथलीच्या या खेळण्यातल्या लढायांच्या क्लबात माणूस पहिल्याच शनिवारी शिकतो. पिअर्सला येऊन दोन वर्षं झाली होती.

चॅपलमागच्या हॉलातल्या मोठ्या टेबलावर आज राजा विरुद्ध पार्लमेंट अशी इंग्लंडची जुनी यादवी मांडली होती. राजाची फौज पिअर्सची. लीड्सच्या एका कारागिराकडून रंगवून आणलेली, घोड्यांच्या डोळ्यांतली चमकसुद्धा दिसावी इतकी देखणी. पार्लमेंटची फौज मॅव्हिसची, आणि ती तिच्या स्वयंपाकघरात जन्मली होती. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं रांधून मिळालेल्या पेन्शनीत गॅस आणि पाव बसत होता, शिशाचे शिपाई बसत नव्हते. म्हणून तोफांना बटणांची चाकं होती, बंदूकवाले बाटल्यांच्या बुचांचे होते आणि भालेवाले आइस्क्रीमच्या काड्यांवर ओळीने चिकटवलेले. भाला म्हणजे दात कोरायची काडी, आणि शिरस्त्राण घातलेलं डोकं म्हणजे एकेक काळी मिरी. रंग भिंतीचा, दुकानातल्या नमुन्याच्या डब्यांतला.

गेल्या बैठकीत पिअर्सने ठराव आणला होता. घरी जुळवलेली फौज टेबलावर नको, क्लबची शोभा जाते. शेवटी निवृत्त पोस्टमन आर्नल्डने तोडगा काढला, की दोघांनी खेळावं. मॅव्हिस जिंकली तर ठराव बाद, हरली तर तिची फौज कायमची बिस्किटांच्या डब्यात. नऊ वर्षं तिचे शनिवार या टेबलापाशी गेले होते.

खेळाआधी टेबलाभोवती फेरी मारायची पद्धत आहे. आपलं काय कुठे उभं आहे ते समोरच्याला बोट दाखवून सांगायचं, म्हणजे मागून भांडण नको. पंच म्हणून आर्नल्ड सोबत होता. मॅव्हिसने एकेक करून सांगितलं. हा ओढा, हे रान, हे कुंपण, कुंपण संपतं तिथून सातूच्या शेताच्या कडेने माझे भालेवाले, आणि त्यांच्यापुढे परत कुंपण.

"हो हो," पिअर्स घास चावत म्हणाला. "सगळ्या काड्याच."

पहिला तासभर मॅव्हिसने मारच खाल्ला. तिचे बुचांचे बंदूकवाले दोनदा मागे रेटले गेले, एक तोफ गेली. मग पिअर्सने शेवटचा घाव घालायचं ठरवलं. आपलं लाडकं घोडदळ त्याने लांबून वळसा घालून आणलं, सातूच्या शेताला खेटून उभं केलं आणि घोड्यांची तोंडं तिच्या उरलेल्या तोफांकडे वळवली.

"डावीकडे कुंपणाचा आडोसा आहेच," तो आर्नल्डला म्हणाला.

आर्नल्डची चाली मोजायची फीत हवेतच थांबली. पण पंचाने शिकवायचं नसतं. मॅव्हिसचं एकदा सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा सांगायला ती बांधील नव्हती. तरी तिच्याने राहवलं नाही.

"तिथंच ठेवतोस, राजा? नक्की?"

"घाबरलात का, मॅव्हिसबाई?" म्हणत पिअर्सने घोड्यांवरचा हात काढला. हात सुटला की चाल पक्की.

"मग ऐक. ते कुंपण नाही. माझे भालेवाले आहेत." मॅव्हिसने दोन्ही हातांच्या बोटांनी काड्या बोटभर पुढे सरकवल्या.

पिअर्सने चष्मा नाकावर चढवून वाकून पाहिलं. कुंपणाला डोकी होती. त्याचा चेहरा पडला. ही फसवणूक आहे, आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं तो चढ्या आवाजात म्हणायला लागला.

"सांगितलं," आर्नल्ड म्हणाला. "तू म्हणालास, सगळ्या काड्याच."

मॅव्हिसने फासे मुठीत घेतले. पाच फासे, पाच घरांतून टाकून दिलेल्या खेळांमधले, एक पिवळा, एकाचा कोपरा उडालेला. तिने फुंकर मारली आणि टाकले. चार फाशांवर सहा पडले. राजाचं घोडदळ बगलेत भाले खाऊन उधळलं ते थेट स्वतःच्याच पायदळात घुसलं, आणि पुढच्या अर्ध्या तासात राजाच्या सैन्याची अशी दाणादाण उडाली की बाकीच्या टेबलांवरचे लोक आपापले डाव सोडून बघायला आले.

आर्नल्डने फीत गुंडाळली आणि ठराव बाद झाल्याचं मोठ्याने सांगितलं. टाळ्या वाजल्या. मॅव्हिसला इतका आनंद झाला की खुर्ची शोधून बसावं लागलं.

गर्दी पांगली तरी पिअर्स हलला नव्हता. उकिडवा बसून, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून तो त्या भालेवाल्यांकडे बघत होता. एकाची मिशी, दुसऱ्याच्या कमरेचा लाल दोरा, तिसऱ्याच्या फाटक्या बाहीला लावलेलं ठिगळ. त्याचा हात पुढे गेला आणि चार बोटं अलीकडेच थांबला.

"एक उचलून बघू का?"

"बघ की," मॅव्हिस म्हणाली. "आधी हात धुऊन ये, राजा."

तो उठून आत गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.