चालू ठेवलेला कॉल

रुग्णवाहिकेच्या हेल्पलाइनवर माझ्याशी बोलताना एक म्हातारे शिंपी वारले. पण तसं काही घडलंच नाही, असं धरून मी कान देऊन बसलो. "काका, गाडी निघालीय. बोलू नका, श्वास घ्या," मी आधीच बजावलं होतं. "बोलू नको, तर देवाला काय मिस्ड कॉल देऊ?" ते धापा टाकत म्हणाले. "बाळा, पन्नास वर्षं टाक्याटाक्यात प्रभूला शोधलं. आता दिसला की लगेच सांगतो." मग श्वासच थांबला. गाडीवाल्यांनी मृत्यू कळवला, तरी मी फोन ठेवेना. सुपरवायझर खेकसले, "ए पाद्रीबाबा, मेलेल्यांशी कसल्या गप्पा? लाइन सोड!" "सर, प्रभू दिसला की सांगतो, असं काकांनी म्हटलंय. मीही त्यालाच शोधतोय." सुपरवायझरांनी लेखी खुलासा मागवला. मी लिहिलं: 'प्रभू दिसला की नाही, हे सदर शिंप्याकडून कळेपर्यंत कॉल बंद करू नये, ही नम्र विनंती.'