कापसाले बर्फ म्हणणारं मॉडेल

अकोल्याच्या एका कंपनीत नोकरीसाठी माह्या फोटो ओळखणाऱ्या एआय मॉडेलचा डेमो होता. मी कॉलेजचं तोंड नाही पाह्यलं, सारं मोबाईलवरच शिकलो. माह्या दोस्ताले, विपुलले, अकोल्यातच पोरगी पाहाले जायाचं होतं, म्हणून दर्यापूरवरून त्याच्याच गाडीवर आलो. मी रोजच्या टी-शर्टात. तो इस्त्रीचा शर्ट अन् चष्मा घालून माह्या बाजूले बसला, पोरीचा फोटो पाहत.

मी कंपनीच्या सरले आधी जुनं मॉडेल दाखवलं. कापूस फुटलेल्या वावराचा फोटो टाकला, तं ते म्हणे 'बर्फ'.

"बर्फ? आपल्या वऱ्हाडात?" सर हासले.

"या बर्फानंच डोकं फिरवलं सर. त्यानं आधी सारे बाहेरदेशातले फोटो पाह्यले. पांढरं दिसलं का बर्फ, हे त्याच्यात पक्कं बसलं. कापूस शिकवाले गेलं का जुनंच आडवं येते. पह्यले ते ढिलं करा लागते, तवा कुठं नवं शिकते."

मंग मी शिकवलेलं मॉडेल लावलं. त्यानं तोच फोटो पाहून 'कापूस' सांगितलं.

सर एकदम खुश. "बरोबर आहे. आधी पाहिलेलं डोक्यात बसलं की समोरचं दिसतच नाही. मला हाच माणूस पाहिजे."

मले वाटलं, जमलं आपलं.



सरनी खुर्ची विपुलकडे वळवली अन् त्याले विचारलं, "मग, कधीपासून जॉईन होताय?"