एकशे वीस वेढे

“एकतीस, बत्तीस...” शेवंताबाई पुटपुटत पाण्याच्या मोटारीची कॉइल गुंडाळत होत्या. वेढे मोजताना त्या कुणाशी बोलत नसत. एक आकडा चुकला की सगळी तार पुन्हा उलगडावी लागायची. म्हणून सर्वेक्षणाला आलेल्या मुलीला उत्तरं द्यायला त्यांचे यजमान खुर्ची ओढून बसले.

“आपल्या देशातलं वातावरण उद्योजक महिलांना कितपत पोषक आहे? दहापैकी सांगा, काका.”

“दहा.”

“घरच्यांची मदत?”

“दहा. संध्याकाळी वर्कशॉपला कुलूप मीच लावतो.”

“चौऱ्याहत्तर,” शेवंताबाई जरा मोठ्यानं म्हणाल्या.

“व्यवसायातले निर्णय कोण घेतं?”

“तीच घेते की. कुठले घ्यायचे, तेवढं मी सांगतो.”

मुलीनं टॅबवर बोट टेकवलं, उचललं, परत टेकवलं.

“एकशे वीस.” शेवंताबाईंनी तार कापली आणि हात पुसले. “आता पहिल्यापासून विचार गं. काकांचे दहा आधी पूस.”

“मी जरा चहा टाकतो,” म्हणत यजमान घाईनं मागच्या स्वयंपाकघरात गेले.

“घरच्यांची मदत?” मुलीनं पुन्हा विचारलं.

शेवंताबाईंनी आत कान दिला. एकेक डबा उघडत होता आणि बंद होत होता.

“शून्यच सांगणार होते,” त्या म्हणाल्या. “पण थांब जरा. साखर सापडली तर एक लिहू.”